गाऱ्हाणं घातलं ते पायांचं

आमचं मूळ मालवणाकडचं, बाबा गिरणीत होते, गिरणी गेली नि आम्ही घाटकोपरला आलो, तेव्हापासून इथलाच मी. लिफ्ट दुरुस्त करतो. वय एक्कावन्न. काय सांगू तुम्हाला, लाज वाटते, पण लिहा, नाव तेवढं नको.

तीन वर्षांमागे तपासणीत बीपी निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या रोज गोळी घ्या. मला त्रास काय नव्हता हो, डोकं नाय दुखत, काय नाय, तरी घेतली. आणि मग बायकोजवळ गेलो की जमेचना. मन असायचं, शरीर साथ देईना. आता हे गोळीनं, की वयानं, की टेन्शननं, काय कळेना. आठवून बघितलं तर गोळीच्या आधीपण दोन-चारदा तसं झालेलं, पण दमलोय म्हणून सोडून दिलेलं. मग मी तिच्याजवळ जायचंच टाळायला लागलो. सुनंदा, म्हणजे माझी मिसेस, तिनं एकदा डबा भरता भरता विचारलं, दुसरी कोण आहे काय? खरं सांगायचं सोडून मी भडकलो. वाट लागली ना मग.

गावी जत्रेला गेलो तर म्हणाली, मला नाय सांगत तर देवाला तरी सांगा, गाऱ्हाणं घाला. आमच्यात गुरव मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो आणि जमलेले सगळे व्हय म्हाराजा म्हणतात. गुरवानं विचारलं, काय सांगू रे देवाक? चुलते उभे, भाऊबंद उभे. मी म्हटलं, पायात गोळे येतात. झालं, अख्खा गाव माझ्या पायांसाठी व्हय म्हाराजा करत होता नि सुनंदा माझ्याकडे बघत होती.

मुंबईला आल्यावर कुणाला न विचारता गोळीच बंद केली. महिन्याभरात मुलुंडला कामावर असं गरगरलं की सोबत्यानं धरला म्हणून वाचलो. बीपी केवढं चढलेलं. सुनंदा मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी विचारलं, गोळी का सोडली? मी म्हटलं, पाय दुखायचे. परत पायच. तेव्हा सुनंदा हळूच म्हणाली, पाय नाय हो, हे माझ्याजवळ येत नाहीत.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, बीपीनं नसा कडक होतात, रक्त पुरेसं पोचत नाही, काही गोळ्यांनीपण होतं, तर गोळी बदलता येते, पण आपल्या मनानं सोडायची नाही. साखर बघू, तंबाखू सोडा, चाला. ह्यासाठीपण औषध असतं, पण आधी हृदय तपासायचं, आणि छातीदुखीची काही औषधं चालू असली तर ते अजिबात चालत नाही, मित्रानं सांगितलं म्हणून आणायचं नाही. मी विचारलं, म्हणजे नक्की कशानं? म्हणाल्या, थोडं ह्यानं, थोडं त्यानं. आता ह्यातनं मी काय समजायचं?

सुनंदानं एवढंच विचारलं, म्हणजे ह्यांचं मन उडालेलं नाय ना? बाई म्हणाल्या, ते त्यांनाच विचारा. मी म्हटलं, नाय गं, नाय उडालं. तिथंच रडली ती, पेशंट बघत होते.

आता गोळी बदललीय. कधी जमतं, कधी नाय, आणि कशानं ते मला अजून कळत नाही. सुनंदाला विचारलं तर म्हणते, डोकं नका फिरवू, गोळी घेतली काय? देव करो नि असं विचारणारं माणूस सगळ्यांच्या घरी असो.