आता मी ओळ झेलते

माझा जन्म जामसरचा, लगीन होऊन पोशेऱ्याला आली, आणि येताना गाणं घेऊन आली. काय सांगू बाय तुला, तू आपल्यातलीच पण बाहेर वाढलीस, आपल्या वारल्यांत लगीन धवलेरी लावते, म्हंजे गाणारी बाई. भिंतीवर देवीचा चौक लिहिला का त्याच्यापुढं बसून ती ओळ टाकते, मागच्या बाया झेलतात, आणि गाणं मधी तोडायचं नाय, तोडलं तं लगीन अर्धं राहिलं. मी मावशीच्या मागं बसून शिकली. पुस्तक नाय, काय नाय. मावशी म्हणायची, पोरी, ध्यानात नको ठेवू, गळ्यात ठेव. तं गळ्यात ठेवलं.

परसाल एका लग्नात खोकला होता, तरी गायली, तोडायचं कसं. वरच्या ओळीला गळ्यात कायतरी तटकन झालं, आणि आवाज बसला तो बसलाच. दुखत काय नव्हतं. दुखलं असतं तं कोणी मनावर घेतलं असतं. सकाळी जरा बरा असायचा, दुपारपर्यंत फाटायचा. वर गेली का मधीच तुटायचा, वारा गळायचा, अर्ध्या ओळीत दम संपायचा. कधी कधी तं एका गळ्यातून दोन आवाज निघायचे. फोन उचलला का समोरचा म्हणायचा, भाऊ, घरात बाईमाणूस कोण हाय का? सून हसायची. मी पण हसायची, ते हसणं पण घोगरंच.

भगताकडं गेली. तो म्हणला, ही नजर नाय, आत्याबाई, जव्हारला जा. भगत पण आता हुशार झालेत. जव्हारच्या डॉक्टरांनी नाशिकला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जीभ धरून नळी घातली, म्हणाल्या, ई म्हणा आजी. जीभ धरल्यावर कसं म्हणायचं? मग पडद्यावर दाखवलं. गळ्यात आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, एकीवर बोराएवढी नाय, करवंदाच्या बीएवढी गाठ, लालभडक. म्हणाल्या, कवाडाच्या दोन फळ्यांत खडा अडकला का कवाड मिटत नाय, तसं हे. जोर लावून गायलात, आत रक्त साकळलं. काढावी लागेल, तपासायला पण पाठवावी लागेल. मी बघत राहिली. एवढंसं. मना भीती पण नाय वाटली, काहीच नाय वाटलं.

गाठ काढली. वाईट काय निघालं नाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काही दिवस बोलायचं नाय, कुजबुजायचं पण नाय, त्यानं पट्ट्यांवर ताण येतो.

पण वैशाखात माझ्या नातीचं लगीन ठरलेलं, रंजनाचं. गाणं कोण लावणार? माझ्या मागं झेलणारी सोनी तेवढी होती, पण तिला चौकापुढच्या शेवटच्या ओळी माहीत नव्हत्या, त्या धवलेरीनं एकटीनं टाकायच्या. सोनी वीटभट्टीवर गेलेली, ती नेमकी माझ्या न बोलायच्या दिवसांत गावी आली, परत जायची घाई. लेक म्हणला, आये, डॉक्टर काय बोलली? मी मान हलवली, ध्यानात हाय म्हणून. सोनीला चुलीपाशी बसवली आणि तिच्या कानात ओळी सांगितल्या, हळू, अगदी हळू. सोनी म्हणायची, आक्का, तू गाते का शाप देते, काय कळत नाय, परत सांग. परत सांगायची.

त्यानंच झालं का, डॉक्टरीणबाई नक्की सांगत नाय. पट्टी कडक झाली म्हणाल्या. हा आवाज ऐकते ना तू, हाच आता. खाली चालतो, वर जात नाय.

लगीन झालं. सोनी भट्टीवरून आली, तिनंच लावलं, एके ठिकाणी चुकली, माझ्याकडं बघितलं, मी ओठ हलवले, तिनं धरलं. तुटू दिलं नाय. रंजना सासरी गेली. लोक माझ्याकडं बघून म्हणाले, आजी असून रडली कशी नाय ही. काय माहीत.

आता मी मागं बसून ओळ झेलते. मी टाकायची त्या ओळी दुसरीच्या तोंडून येतात, मी शेवट उचलते, तेवढा आवाज पुरतो. तू शिकलीस, नोकरीला लागशील, चांगलं होऊ दे तुझं. लगीन ठरलं तं सांगावा धाड. सोनी पुढं बसेल, मी मागं.