तरोट्यावरची पिवळी

ठिवा ती वाटी तिथंच, लक्ष्मीअक्का — न्हाई, हातात देऊ नका. कशाची भाजी हाय? तरोट्याची! वासावरूनच वळखलं मी. आन् कुठला खुडला? आमच्या कुंपणाचा ना? — हाव, मुंडी हलवायला काय जातंय तुमचं! सगळा? इळ्यानं? अवो, एका शब्दानं इचारायचं तरी! शेजार हाय म्हणून काय कुंपणात हात घालायचा?

रानची भाजी म्हणं! अवो, तिच्यावर फुलपाखरांची अंडी होती — ती बारकी पिवळी असतेत की, जमिनीलगत उडणारी — कणीवाणी एकेक अंडं घालतेत, पानाला चिटकवून. आमच्या पोरीनं, सृष्टीनं दावलं मला. तीन-चार दिवसांत अळी, हिरव्यावर हिरवी — तुमाला निवडताना कशाची दिसती! मग नुसतं खा खा खाती, आन् काडीला लटकून कोष करती. तीन कोष होते, अक्का. एक कालपासून पिवळा पडलेला — आतले पंख दिसून राहिले होते. आज निघणार होतं ते. आज!

पोरगी सुट्टीवर आलीय, कोण म्हणलं? मीच म्हणले, हाव. खोटं बोलले. लातूरचा क्लास सोडून आलीय ती — झालं समाधान? दोन महिने भिताडाकडं तोंड करून निजली. जेव म्हणलं की रडायची. त्या अळ्या दिसल्या आन् उठली — रोज सकाळी कुंपणापाशी. परवा म्हणली, आई, ये, बघ. दोन महिन्यांनी हाक मारली हो मला लेकरानं!

काय? — मी म्हणले? कवा? … मंगळवारी. हाव, म्हणले असंन. तुमी इचारलं, पोरगी तिथं काय बघत बसती — आन् मला लाज वाटली. डाक्टर व्हायला धाडली आन् अळ्या मोजती, गावभर झालं असतं. म्हणून म्हणले, न्या की खुडून, जागा तरी साफ व्हईल. अवो, तोंडदेखलं म्हणले! तोंडदेखलं कुणी खरं धरतंय का, अक्कल हाय का न्हाई?

जावा तुमी. न्हाई, तुमी काई सांगू नका तिला, मीच सांगते — काय सांगू पर? उठा, न्हाणीची कडी वाजली. आता ती सरळ कुंपणाकडंच… जावा म्हणते ना!

सृष्टी — थांब गं. तिकडं नगं जाऊ. आधी माझ्याकडं…