परसोंचा चासी नंबर

आमच्या पुण्याच्या दाजींना इथल्या एका शब्दानं कसा घाम फोडला, ते ऐका. हैदराबाद राज्य तीन राज्यांत वाटलं गेलं, त्याला दोनेक वर्षं झाली असतील. मलकपेठचे लियाकतभाई वडिलांची विलायती मोटार विकायला निघाले होते. तसली दुसरी अख्ख्या शहरात नव्हती, म्हणून दाजी मला बरोबर घेऊन धावत आले. आल्या आल्या मोटारीखाली शिरले, सांगाड्यावर ठोकलेला नंबर चाचपला आणि तिथूनच ओरडले, "चासी नंबर असली है ना? कब का है?"

"परसों का है, साब."

दाजी बाहेर आले ते लालबुंद. मला म्हणाले, "परवा ठोकलेला नंबर! ऊठ, चल इथून!"

मी म्हटलं, "थांबा हो. लियाकतभाई, आपकी शादी कब हुई?"

"परसोंइच तो हुई!" ते लाजले, आणि तेवढ्यात त्यांची सून चहा घेऊन आली.

दाजींच्या डोक्यात प्रकाश पडला. ते पुन्हा खाली शिरले, अंकांच्या खाचांतला जुना गंज नीट बघितला आणि खुशीत सौदा पक्का केला. निघताना चेष्टेनं म्हणाले, "और आपका राज्य टूटा, वो भी परसों?"

लियाकतभाईंनी कप खाली ठेवला.

"नहीं साब. वो तो आज सुबू की बात है."