बर्फातली इरकल

गोमटेश : तेवढं लुगडं बदल, आई. दुसरं कुठलंही नेस.

चंपाबाई : का रं? फोटोत हीच इरकल हाय न्हवं? बेळगावच्या प्रदर्शनात मला बघितलं की लोकांना कळाय पायजे, फोटोतली बाई ती हीच.

गोमटेश : तेच नको आहे.

चंपाबाई : म्हंजे? बस्तीच्या देवळातल्या अकरा बाया येणार हाईत. क्रूझर गाडी सांगून ठेवलीया. त्यातल्या नागुबाईनं हार घेतलाय, तुला एक नि मला एक.

गोमटेश : तू कुणाकुणाला सांगितलीस?

चंपाबाई : निपाणीत कुणाला न्हाय सांगितलं ते इचार. लेकानं आईला बर्फात उभं करून पहिलं बक्षीस आणलं, हे काय झाकून ठेवायचं हाय? परवा सांगायच्या नादात बस्तीच्या पायरीवर चप्पल निसटून मागंच राहिली, मला पत्ताच न्हाय! बाया हसल्या. म्हटल्या, चंपाक्काचे पाय आता जमिनीवर न्हाईत.

गोमटेश : आई, बस जरा.

चंपाबाई : बसाय येळ कुठाय? हां, हे वाच. आजच्या पेपरात आलाय तुझा फोटो. मी कन्नड शाळंतली, ही बारीक मराठी मला कुठली वाचाय येती. खाली काय छापलंय?

गोमटेश : काय न्हाय. हिमाचलातली पहाट, असं.

चंपाबाई : चांगल्या तीन ओळी हाईत की. एवढ्यात संपलं? ऱ्हाऊ दे, तुझ्या पोरीकडनं वाचून घेते. श्रद्धा! ए श्रद्धा!

गोमटेश : तिला नको बोलवू. वाचतो मी. "हिमाचलमधील एका खेड्यात पहाटेच्या बर्फातून अनवाणी निघालेली अनोळखी, गरीब वृद्धा. निपाणीचे छायाचित्रकार गोमटेश यांनी वाटेत अचानक टिपलेला क्षण."

चंपाबाई : कोण वृद्धा?

गोमटेश : तू.

चंपाबाई : अनोळखी?

गोमटेश : स्पर्धेचा नियम होता, आई. माणूस उभं करून काढलेला फोटो चालत नव्हता. आपोआप दिसलेलंच पाहिजे. मला वाटलं, दिल्लीची स्पर्धा, तिथं कोण आपल्याला ओळखतंय? प्रदर्शन फिरत फिरत बेळगावला येईल असं स्वप्नातसुद्धा नव्हतं.

चंपाबाई : अचानक कसलं रं? पाच फेऱ्या माराय लावलास. पाऊल उमटलं की म्हणायचास, "आई, हा बर्फ बिघडला, आता तिकडनं ये." कोट काढ म्हटलास, काढला. शेवटाला बुटाचे ठसे बरे दिसंनात म्हणून बूट काढ म्हटलास.

गोमटेश : पाचच मिनिटं म्हटलो होतो.

चंपाबाई : पार उजाडंपर्यंत! हॉटेलवाला बिचारा च्या घ्या, च्या घ्या म्हणून मागं लागलेला. आपल्या जैनांच्या नेमानं दिवस उगवायच्या आधी मी घोटभर पाणी बी घेत न्हाय, त्याला काय ठावं? तुला ठावं होतं. मी म्हटलं, शिखरजीचा डोंगर अनवाणी चढले, हे काय त्यापुढं? तोंडानं णमोकार मंत्र म्हणत चालले. तू खूश होतास म्हणून मी बी खूश होते, खुळ्यासारखी.

गोमटेश : अजून एक आहे. आता सांगूनच टाकतो. परीक्षकांनी फोनवर विचारलं, त्या बाईला तुम्ही काही मदत केलीत का? मी म्हटलो, व्हय, माझी शाल तिच्या अंगावर घातली.

चंपाबाई : मग?

गोमटेश : म्हणाले, तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात. फोन ठेवला आणि मला माझीच शिसारी आली. त्या दिवसापासनं तुझ्या तोंडाकडं नीट बघितलो न्हाय मी.

चंपाबाई : कसल्या रंगाची?

गोमटेश : काय?

चंपाबाई : शाल रं.

गोमटेश : तांबडी म्हटलो.

चंपाबाई : तिथल्या बाजारात तांबडीच मागितलेली मी तुझ्याकडं. "ओझं कशाला, आई," म्हटलास.

गोमटेश : मार मला, आई.

चंपाबाई : पोरीचं लगीन व्हायची येळ आली तुझ्या, तुला काय मारायचं? बाजूला सर, दुसरं लुगडं नेसते. पोटात दुखतंय म्हणून बायांना सांगते, त्या बी यायच्या न्हाईत. तू एकटा जाऊन ये. चार माणसांत तुझी मान खाली जायला नको.

गोमटेश : न्हाय. तू हीच इरकल नेसून चल. माइकवर सांगतो, ही माझी आई, मीच हिला अनवाणी चालवलं, मीच खोटं लिहिलं. बक्षीस तिथंच परत करतो.

चंपाबाई : बस्तीतल्या बायांच्या देखत?

गोमटेश : त्यांच्या देखत. तू पुढं बस. तुझ्याकडं बघून सांगतो, मग जमेल.

चंपाबाई : लोक नाव ठेवतील.

गोमटेश : ठेवू देत. ठेवण्यासारखंच केलोय.

चंपाबाई : मग आटप. क्रूझर येईल आता. त्या खुर्चीखालचे मोजे तेवढे दे, वाकाय जमत न्हाय.

गोमटेश : पाय पुढं कर. मी घालतो.

(तो खाली बसून तिच्या दोन्ही पायांत मोजे चढवतो.)

चंपाबाई : चढवलास काय?

गोमटेश : कवाच. का?

चंपाबाई : बर्फातल्या त्या दिवसापासनं बोटांना कळत न्हाय रं, म्हणून इचारलं.