मोटारीखालचा पाट

बाळासोच्या होडीला नवी मोटार बसली, म्हणजे पंचगंगेपलीकडच्या एसटीत खिडकी नक्की, असा हिशेब करून गुंडोपंत मास्तर सर्वांआधी होडीत बसले. मोटार नुसतीच ओरडली. होडी हलेना. काठावरच्या मिस्त्रीने मागे वाकून पाहिले.

"बाळासो, मोटारीखाली पाट कशाला घातलास?"

"आक्कानं घातलाय, मिस्त्री. नवी मोटार म्हंजे घरची पावणी, म्हणती."

"आरं, पंखा चार बोटं वर आला की! निम्मा वाऱ्यातच फिरतोय. काढू का पाट, आक्का?"

"हात तर लावून बघ!" बाळासोची ही थोरली बहीण होडीतूनच गरजली.

"बरं, पावणीला आधी काय देता? पाट, का पाय धुवाय पाणी?"

"पाणीच की."

"मग हिचं पाय पाण्यात जाऊ द्या. पाटावर तवर तुमी बसा."

पाट निघाला, त्यावर आक्का बसली, पंखा बुडाला, होडी सुटली. बाळासोची फेरी वाचली, आक्काचा मान राहिला. एसटी मात्र मास्तरांच्या खिडकीसकट निघून गेली होती.