काम चालू, रस्ता एकेरी

माझं नाव सुनंदा, पन कर्वेनगरात सुनंदा कुठं ऱ्हाते म्हनून इचारलं तर कुनी सांगनार न्हाई, व्हॅनवाल्या काकू म्हना, लगेच घर दाखवतील. माहेर माझं सिंहगड रोडच्या अंगाला, तवा ते गाव व्हतं, आता पुन्यात धरतात. म्हंजे आमी कुठं गेलो न्हाई, शहरच आमच्याकडं ऱ्हायला आलं. शेती व्हती आमची, मेथी, कोथिंबीर, कांदा, थोडा ऊस. वडलांना आमी सगळ्या पोरीच, त्यात मी थोरली, म्हनून त्यांनी मला ट्रॅक्टरवर बसवलं. लोक म्हनले, पोरीच्या जातीला कशाला ट्रॅक्टर. वडील म्हनले, ट्रॅक्टरला कुठं कळतंय वर कोन बसलंय ते. असं बोलनं त्यांचं, तुकडा पाडल्यासारखं. पुढं टेम्पो घेतला, मंग सकाळचा माल भरून मंडईला यायचं, मी चालवायची आन् वडील शेजारी बसायचे. स्वारगेटच्या चौकात पयल्यांदा आले तवा एवढ्या एसट्या, एवढ्या सायकली, कोन कुठनं येतंय काय कळंना. वडील म्हनले, मान्सं बघू नको, दिवा बघ, दिवा सांगंल तसं कर.

आन् मला ते कधी जड गेलं न्हाई, त्याचं कारन सांगते. आमच्याकडं कालव्याचं पानी पाळीनं यायचं. आज आमच्या रानाला, उद्या शेजारच्या रानाला. आपल्या पाळीची वाट बघत बांधावर बसून ऱ्हायचं, पीक सुकताना दिसलं तरी बसायचं. दुसऱ्याच्या पाळीत कुनी पानी वळवलं की कुऱ्हाडी निघायच्या, आन् भांडनात दोघांचंबी पानी वड्याला जायचं, हे मी ल्हानपनी डोळ्यानं बघितलंय. मंग सिग्नल म्हंजे दुसरं काय हो? पाळीच की.

लग्न होऊन हितं आले. मालकांची शाळेची व्हॅन व्हती. त्यांना साखर निघाली, ती साखर डोळ्यावर गेली, एक दिवस मला म्हनले, सुनंदे, मला बोर्ड वाचता येईना, मी उद्यापास्नं पोरं नेनार न्हाई. दुसरा कुनी असता तर लपवलं असतं, त्यांनी न्हाई लपवलं. मी म्हनलं, चावी आना हिकडं. पोरांच्या आईबापांना वाटलं ही बाई काय चालवनार, म्हनून पयल्या दिवशी एकदोन वडील मोटारसायकलवरनं व्हॅनच्या मागं मागं आले शाळेपातुर. दुसऱ्या दिवशी कुनी आलं न्हाई. आता मालक घर बघतात, सैपाक करतात, आमटी माझ्यापेक्षा चांगली करतात, पन ते त्यांच्या तोंडावर बोलायचं न्हाई.

तर आता ते पुलाचं सांगते. आमच्या नेहमीच्या रस्त्यावर पुलाचं काम निघालं. पत्रे लागले, मधी ह्यो एवढा खड्डा, आन् सगळी वाहतूक बाजूच्या गल्लीतनं वळवली. त्या गल्लीत एका ठिकानी एका अंगाला कामाचे पत्रे आन् दुसऱ्या अंगाला सोसायटीची भिंत, मधनं एका टायमाला एकच गाडी जानार, शिवाय वळन, पलीकडचं काय दिसत न्हाई. म्हनून त्यांनी दोन्ही तोंडाला एकेक चाकावरचा सिग्नल आनून ठेवला. हिकडचा हिरवा की तिकडचा लाल, तिकडचा हिरवा की हिकडचा लाल. पोराला कळंल असं सरळ काम.

पन लोकांचं काय, समोरनं कुनी येताना दिसलं न्हाई की घुसायचं. अहो दिसंल कसं, वळन हाय ना. मी आपली दिव्याच्या अलीकडं मारलेल्या रेघेवर थांबायची. मागं भोंगे सुरू. आपल्या पुन्यातली मान्सं शिव्या देत न्हाईत, त्यापरीस वाईट करतात, बोलतात. एक पांढऱ्या केसाचे आजोबा स्कूटर शेजारी लावून म्हनले, बाई, सिग्नल फारच आवडला असेल तर घरी घेऊन जा. एकजन म्हनला, आरती करून निघणार आहात का. मी म्हनलं, हो, थांबा, परसाद घेऊनच जावा. आत पोरं हसायची. हिरवा झाला की सगळी एका सुरात वरडायची, काकू चला.

ह्या सगळ्यात शाळेला उशीर व्हायला लागला. शाळेचं फाटक प्रार्थनेला बंद व्हतं, मंग डायरीत शेरा येतो. दुसरीतली ईरा म्हनून पोरगी हाय, तिची आई अनघा मॅडम, बँकेत हायेत, त्यांनी मला गाठलं. अहो काकू, बाकीच्या व्हॅन जातात ना त्याच रस्त्यानं, त्यांना बरा नाही उशीर होत. मी म्हनलं, त्या लाल तोडतात, मी तोडनार न्हाई, तुमी ईराला थोडं लवकर खाली आना. त्या म्हनल्या, तिची झोप पूर्ण होत नाही. मी म्हनलं, मॅडम, झोप व्हॅनमधी व्हईल. त्यांना ते आवडलं न्हाई. कुनाला आवडंल?

आन् मंग तो दिवस आला. सोमवार व्हता, गर्दीचा. आमचा दिवा लाल. मी रेघेवर. माझ्या डाव्या अंगानं दोनतीन मोटारसायकली सुटल्या, त्यांच्या मागं एक कार, कारच्या मागं विटांचा टेम्पो, सगळे आत. आन् समोरनं, त्यांचा हिरवा असताना, शहर बस निघालेली. झालं. वळनावर बस आन् कार तोंडाला तोंड. बसच्या मागं रिक्षा, तिच्यामागं आनखी गाड्या, त्यांना मागं सरकता येईना. कारला मागं यायचं तर टेम्पो, टेम्पोला मागं यायचं तर मी, आन् माझ्यामागं अख्खी रांग भोंगे वाजवत. सगळे एकमेकाला म्हनतात तुमी मागं घ्या.

तेवढ्यात बसच्या कडेनं, भिंतीला अंग घासत, एक म्हातारी चालत आली. डोक्यावरचा पदर खाली आलेला, चप्पल एकाच पायात. ती आली आन् सरळ माझ्या काचेवर हात ठेवून म्हनाली, बाई, माझी सून रिक्षात हाय, कळा सुरू झाल्यात, पानी गेलंय. बास, एवढंच. तिनं माझ्याकडंच का यावं? बाई दिसले म्हनून आली असंल.

मी मागं बघितलं. व्हॅनीत पोरं. मोठ्यातली एक पोरगी हाय, सातवीतली, तिला म्हनलं, कुनी जागचं हलायचं न्हाई, दार उघडायचं न्हाई, मला तुमी दिसताय आन् मी तुमाला दिसते. व्हॅन मी थोडी तिरकी घेऊन आडवी लावली, म्हंजे मागनं आता सायकलसुदिक आत जायला नको, चावी काढली आन् उतरले. मागचे खवळले. एक कॉलेजचा मुलगा सगळ्यात जास्त भोंगा वाजवत व्हता, कानात ते वायरीचं, त्याच्याकडं गेले आन् म्हनलं, दादा, आत बाई अडकलीय, बाळंतपनाची, मला मदत कर. त्यानं एका क्षनात भोंगा सोडला. खरं सांगते, त्या पोराचं तोंडच बदललं. तो पळत मागं गेला, एकेका गाडीला हात करून दोन हात, चार हात मागं घ्यायला लावलं. ते आजोबा, स्कूटरवाले, तेबी व्हते त्या दिवशी, त्यांनी स्कूटर स्टँडला लावली आन् हात पसरून रस्त्याच्या मधी उभे ऱ्हायले, कुनाची हिंमत न्हाई झाली पुढं यायची.

मागं जागा झाली. मी व्हॅन मागं घेऊन कडेला लावली, परत पोरास्नी बजावलं. मंग विटांचा टेम्पो. त्याचा डायवर घाबरलेला, एका चाकाला खड्डा, एका चाकाला भिंत. मी त्याच्या आरशात दिसंन अशी उभी ऱ्हायले आन् म्हनलं, खड्ड्याकडं बघू नको, माझ्या हाताकडं बघ. आला हळूहळू. मंग कार, मंग मोटारसायकली. बस निघाली, आन् बसच्या मागनं ती रिक्षा. ती पोर आत आडवी पडल्यासारखी बसलेली, डोळे मिटलेले, सासूचा हात एवढा घट्ट धरलेला. माझ्या समोरनं गेली तवा तिनं डोळे उघडले, मला बघितलं का न्हाई ठाऊक न्हाई. पुढं काय झालं, मुलगा का मुलगी, मला आजपातुर माहीत न्हाई. कुठं इचारनार? सुखरूप असू दे, दुसरं काय.

त्या दिवशी शाळेचं फाटक बंद झालं, सगळ्या पोरांच्या डायरीत शेरा. आन् संध्याकाळी ईराच्या सोसायटीच्या पार्किंगमधी मला बोलावनं. मला वाटलं शाबासकी देतील, खोटं कशाला बोलू. तर अनघा मॅडमनी सगळ्यांसमोर इचारलं, तुम्ही आमची मुलं रस्त्यात सोडून खाली उतरलात? गाडी कुणी मागून ठोकली असती म्हणजे?

त्यांचं चुकीचं न्हवतं हो. आईनं हे इचारायलाच पायजे. मी म्हनलं, मॅडम, तुमचं बराबर हाय, तुमच्या पोरांची जिम्मेदारी माझी. पन गाडी बंद व्हती, चावी माझ्या हातात व्हती आन् पोरं माझ्या नजरंत व्हती. रिक्षातबी कुनाचीतरी लेकच व्हती. उद्या तुमची पोरं अडकली तर कुनीतरी खाली उतरावं असंच तुमाला वाटंल. आन् एक सांगते, मी रेघेवर थांबले व्हते म्हनून मागं घ्यायला जागा मिळाली. मीबी घुसले असते तर तुमची पोरं त्याच बोळात, खड्ड्याच्या कडंला, बसच्या तोंडासमोर असती. लाल मी तोडनार न्हाई. ज्यास्नी पटत न्हाई त्यांनी दुसरी व्हॅन बघावी, माझा राग न्हाई.

दोघातिघांनी बघितलीबी दुसरी व्हॅन. घरी आले, मालकांनी आमटी वाढली, म्हनले, गेली ती गेली, तू जेव. अनघा मॅडम मातुर दुसऱ्या दिवशी ईराला सोडायला स्वतः खाली आल्या आन् म्हनल्या, आज मी येते तुमच्याबरोबर, बसू का? मी म्हनलं, बसा की. पुढं माझ्याशेजारी बसल्या. लालला थांबलो. मागं भोंगे सुरू झाले, एका मान्सानं बाजूनं जाताना आमच्या पत्र्यावर जोरात थाप मारली, धाडकन्. मॅडम दचकल्या, मागं वळून पोरांकडं बघितलं. पोरं आपली पाढे म्हनत व्हती, त्यांना सवय. मंग समोरनं वळनावरनं डंपर आला, त्यांच्या हिरव्यावर, अख्खा बोळ भरून, पत्र्याला आन् भिंतीला चाटत. मॅडम त्या डंपरकडं बघत ऱ्हायल्या, तो जाईपातुर. शाळेपाशी उतरल्या. आन् दुसऱ्या दिवसापास्नं ईरा सगळ्यांच्या आधी सोसायटीच्या फाटकात उभी, केस ओले, अर्धी झोपेत, हातात पोळीची गुंडाळी.

आन् मॅडम तेवढ्यावर थांबल्या न्हाईत. मी आधी एकदा पोलीस चौकीत जाऊन आले व्हते, तिथला हवालदार म्हनला, मावशी, माणसं कुठून आणू. मॅडमनी सोसायटीच्या लेटरवर अर्ज केला, आजोबांनी सही केली, आजूबाजूच्या सोसायट्यांनी केली, आन् कामाच्या ठेकेदारानं सकाळ-संध्याकाळ दोन्ही तोंडाला झेंडेवाली मान्सं उभी केली. आजोबा रोज फिरायला निघतात आन् त्या झेंडेवाल्याच्या शेजारी उभे ऱ्हाऊन त्यालाच सूचना देतात. तो बिचारा ऐकून घेतो.

पोरांचं तर इचारूच नका. एका मुलाच्या वडलांचा फोन आला, म्हनले, काकू, रविवारी सिनेमाला निघालो होतो, रस्ता मोकळा होता म्हणून सिग्नल सोडून जरा पुढे घेतली, तर हा मागून ओरडला, बाबा, रेघ. आता गाडी मागे घ्यायला लावतो मला. मी म्हनलं, घ्या की मंग मागं.

आता पुलाचे खांब उभे ऱ्हायलेत, वरचं काम चालू हाय. पुढच्या चौकातबी खनायला घेतलंय, म्हंजे तो संपायच्या आत दुसरा. चालायचंच, पुनं हाय. मी घरातनं लवकर निघते, पोरं लवकर खाली येतात, शेरे बंद झालेत. गेलेल्यांपैकी एक पोरगं परत आलंय, बाकीचे आले न्हाईत, ते जिथं हायेत तिथं नीट जावोत-येवोत. लोक अजून इचारतात, काकू, तुम्ही एकट्या थांबून काय होणार. मी म्हनते, अहो, बोळ एका गाडीचाच हाय, मी एकटी त्याच्या तोंडाशी मधोमध थांबले की मागचे सगळे थांबले. त्यांच्या मनात असो नसो.

चला, उठते आता, शाळा सुटायची येळ झाली. तुमीबी जपून जावा. देव सगळ्यांना घरी पोचवो, उशिरा का व्हईना, पन पोचवो.