हॉलमधल्या टीव्हीने पाहुण्यांचा अल्बम आपोआप लावल्याबाबत

जबाब

नाव: मेहेक रफिक हसवारे. वय: २० वर्षे. धंदा: शिक्षण (बी.एस्सी. आयटी, दुसरं वर्ष). राहणार: मूनशेल लॉजच्या वरचा मजला, मुरुड, जि. रायगड.

मी आज चौकीत स्वतःहून आले आहे, मला कुणी बोलावलं नव्हतं. हवालदार काळूराम साहेब विचारतील ते, आणि थोडं न विचारताही, सांगते की, मी अब्बा, अम्मी आणि मोठी बहीण काशिफा आपा यांच्यासोबत राहते. खाली आमचा लॉज आहे. माझं शिक्षण इंग्लिश मीडियमचं असल्यामुळे मध्ये मध्ये इंग्लिश येईल, ते साहेबांनी तसंच लिहावं.

काल अब्बांनी लॉजचा मॅनेजर ऋत्विक याच्याविरुद्ध तक्रार दिली, की त्याने आमचे घरचे फोटो चोरले आणि आपाला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर टीव्हीवर लावले. ऋत्विक सकाळपासून इथे बाकावर बसला आहे. त्याची आई मनुबाई बाहेर पायरीवर आहे. ऋत्विकने काही केलेलं नाही. तसं बघितलं तर कुणीच काही केलेलं नाही. ते कसं, ते सांगते.

मागे अब्बांचा फोन आगरदांड्याच्या जेट्टीवरून पाण्यात पडला. सगळे फोटो गेले. तेव्हा मी म्हणाले, अब्बा, यापुढे काहीच जाणार नाही. मी फोटो ठेवायचं एक अकाउंट काढलं आणि अब्बांचा फोन, अम्मीचा फोन, रिसेप्शनचा कॉम्प्युटर आणि हॉलमधला टीव्ही, सगळं त्या एकाच अकाउंटला जोडलं. वेगवेगळी काढली असती तर अम्मी रोज पासवर्ड विसरली असती. आपाचा फोन जोडलेला नाही. ती नको म्हणाली होती. मी तिला बॅकवर्ड म्हणाले होते.

साहेबांनी विचारलं, ‘म्हणजे फोटो टीव्हीत असतात?’ नाही, कंपनीच्या कॉम्प्युटरवर असतात, त्याला सर्व्हर म्हणतात. ‘ती कंपनी कुठेशी?’ ते नक्की सांगता येत नाही. ‘म्हणजे घरचे फोटो ओळख ना पाळख अशा माणसाकडे ठेवायला दिले?’ मी म्हणाले, सर, सगळं जग देतं. साहेब म्हणाले, ‘जगाचं राहू दे, तुझं सांग.’

आमच्याकडे मुलीला बघायला कुणी येणार असलं की अम्मी दस्तरखानाचा, म्हणजे मांडलेल्या खाण्याचा, फोटो काढून दोह्याला शहरबानू फुफीला, म्हणजे अब्बांच्या बहिणीला, पाठवते. फुफी तिकडून सांगते, समोसे डावीकडे घे, काचेचा जग पुढे ठेव. पाहुणे बसले की त्यांचाही एक फोटो जातो, कारण फुफीला मुलगा बघायचा असतो. काम झालं की अम्मी हे फोटो फोनमधून काढून टाकते. कंपनीकडे ते तसेच राहतात हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं होतं, पण इंग्लिशमध्ये.

काल श्रीवर्धनहून तौसीफ नावाचा मुलगा, त्याची आई आणि मामा आले. वर रंगकाम चालू असल्यामुळे त्यांना लॉजच्या हॉलमध्ये बसवलं. आपाने फिरोजी ड्रेस घातला होता. अम्मीच्या मते तो मुबारक, म्हणजे लकी आहे. अम्मी त्यांना म्हणाली, ‘काशिफासाठी आम्ही अजून कुणाला घरी बोलावलंच न्हाय. तुम्हीच पहिले.’ काचेच्या जगाबद्दलही ती म्हणाली, की तो खास आजच कपाटाबाहेर काढला.

टीव्हीवर बातम्या चालू होत्या. तौसीफच्या आईचं डोकं दुखतंय म्हणून अब्बांनी ऋत्विकला त्या बंद करायला सांगितल्या. त्याने रिमोटने बातम्या बंद केल्या. त्याचा संबंध एवढाच. टीव्ही रिकामा राहिला की आपोआप अकाउंटमधले फोटो दाखवतो. ती सेटिंग मी केली आहे, कारण समुद्राचे फोटो छान दिसतात.

समुद्राचे आले नाहीत. ‘खास पाहुणे’ असं नाव आलं आणि बासरी वाजायला लागली. पहिल्या फोटोत आपा, फिरोजी ड्रेस, काचेचा जग आणि एक मुलगा. दुसऱ्यात आपा, तोच ड्रेस, तोच जग आणि वेगळा मुलगा. तौसीफची आई पुढे वाकून म्हणाली, ‘हा आमचा आमिर ना?’ आमिर तिचा सख्खा भाचा आहे. मामा म्हणाले, ‘जगपण तोच दिसतोय.’ अम्मी म्हणाली, ‘जग दुसरा हाय.’

अब्बांनी उठून प्लग काढला. तोवर पडद्यावर चार मुलं होऊन गेली होती.

तौसीफच्या आईने खायला ठेवलेल्या सांदणांना हात लावला नाही. ते लोक गेल्यावर अब्बा म्हणाले, ‘टीव्ही काय आपल्या मनाने बोलतो काय? कुणीतरी आत शिरलाय.’ आणि रिमोट ऋत्विकच्या हातात होता.

तो अल्बम कंपनीच्या मशीनने बनवला. ती चेहरे ओळखते, ड्रेस ओळखते, तारखा लावते. नावही तिनेच दिलं. जे आम्ही घरात एकमेकांशीसुद्धा बोलत नाही, ते तिने बासरी लावून एका जागी ठेवलं. ऋत्विकला हे जमणार नाही. त्याला रिसेप्शनचा प्रिंटर चालवता येत नाही. यावर ऋत्विक बाकावरून म्हणाला, ‘एवढंपण न्हाय हां, मेहेक.’ पण ते खरं आहे.

मी हे अब्बांना फोनवर समजावलं. ते आता बाहेर मनुबाईंजवळ उभे आहेत. मनुबाई त्यांना म्हणाल्या, ‘शेठ, माझा पोरगा आधी भायेर येऊ द्या, मग बोलू.’ अब्बा तक्रार मागे घेणार आहेत. ऋत्विकला सोडावं.

साहेबांनी विचारलं, या अकाउंटमध्ये अजून काय काय आहे. लॉजवर उतरणाऱ्या प्रत्येकाचं आधार कार्ड रिसेप्शनवर स्कॅन होतं, तेही त्यातच जातं. मशीन त्यांचेही चेहरे ओळखते का? ओळखते. कोण कुणासोबत आलं तेही? जोडीने उभं राहून सेल्फी काढून रिसेप्शनला पाठवला असेल तर तेही. इथे साहेबांनी एका सेल्फीबद्दल हळूच आणखी एक प्रश्न विचारला. तो प्रश्न या प्रकरणाशी संबंधित नसल्यामुळे लिहिलेला नाही. माझं उत्तर ‘हो सर, तोपण’ असं होतं.

इथपर्यंतचा जबाब कॉम्प्युटरवर घेतला होता. त्यानंतर साहेबांनी कॉम्प्युटर बंद केला आणि सगळा जबाब पहिल्यापासून कागदावर पेनाने लिहायला घेतला. लॉजची स्कॅन आजच काढून टाकायला त्यांनी मला बजावलं आहे. मी काढते. आमच्याकडून जातील. कंपनीकडून जातील का, ते मी शपथेवर सांगू शकत नाही.

एक राहिलं. काल संध्याकाळी आपाने मला अकाउंटमधून पाहुण्यांचे सगळे फोटो काढून टाकायला लावले. कालचा आला तेव्हा म्हणाली, थांब. तो अम्मीने फुफीसाठी काढला होता, नेमका टीव्ही सुरू झाला तेव्हा. त्यात मोठी माणसं टीव्हीकडे बघतायत. तौसीफ आपाकडे बघून हसतोय, आणि आपा तोंडावर ओढणी धरून हसतेय. आपा म्हणाली, ‘हा कागदावर काढून दे. मग तिथून काढून टाक.’ मी प्रिंट दिली. का, ते विचारलं नाही.

नंतर तिच्या फोनवर तौसीफचा मेसेज आला. त्यात काय होतं ते मला माहीत नाही. तिने तो कुठे ठेवलाय, तेही नाही. आणि मी घरातला प्रत्येक पासवर्ड जाणते.

हा जबाब साहेबांनी मला दार लोटून, हळू आवाजात वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे. याची एकच प्रत आहे.

सही: मेहेक रफिक हसवारे
समक्ष: काळूराम, हवालदार